गुणधर्माची ओळख एक, नावे अनेक : विंडोजमध्ये स्थानिक नावे मिळवताना

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये एखादा फोल्डर उघडला की वर स्तंभांची शीर्षके दिसतात : नाव, आकार, प्रकार, बदल केल्याची तारीख. इंग्रजी संगणकावर ज्या स्तंभाला 'साइझ' म्हटलेले असते त्यालाच जर्मन संगणकावर 'ग्र्योसे' आणि फ्रेंच संगणकावर 'ताय' म्हटलेले असते, आणि वापरणाऱ्याला त्यात काहीही वेगळे वाटत नाही, कारण तो आपल्या भाषेत वाचत असतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा प्रश्न मात्र येथूनच सुरू होतो. आपल्या प्रोग्रॅमला ही शीर्षके हवी असतील, आणि तीही केवळ त्या संगणकाच्या भाषेत नव्हे तर अहवाल वाचणाऱ्या प्रत्येकाच्या भाषेत हवी असतील, तर ती कोठून आणि कशी मिळवावीत? हा प्रश्न दस्तऐवजांची नोंद ठेवणाऱ्या, छायाचित्रांचे वर्गीकरण करणाऱ्या किंवा अनेक भाषांतील कर्मचाऱ्यांना एकाच सर्व्हरवरून सेवा देणाऱ्या कोणत्याही प्रणालीत कधी ना कधी उभा राहतो. याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले असावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते, म्हणून हा लेख.

आज वापरात असलेली गुणधर्म-व्यवस्था, म्हणजे प्रॉपर्टी सिस्टिम, जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर विंडोजचा अंगभूत भाग झाली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना मला अतिशय समंजस वाटते. प्रत्येक गुणधर्माची खरी ओळख म्हणजे 'प्रॉपर्टी-की', आणि ही की दोन भागांची असते : एक १२८ बिटांचा, जगात एकमेव असलेला गटक्रमांक, ज्याला जीयूआयडी म्हणतात, आणि त्या गटातील एक साधा पूर्णांक. उदाहरणार्थ, दस्तऐवजाच्या सारांशाचा जो जुना गट ओएलईच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या दस्तऐवज-तंत्राच्या, काळापासून चालत आला आहे, त्यात शीर्षकाचा क्रमांक २, विषयाचा ३, लेखकाचा ४, कळशब्दांचा ५ आणि टिप्पणीचा ६ आहे. व्यवस्था नवी आली, पण हे क्रमांक तसेच राहिले. म्हणूनच जुन्या वर्ड फायलीतील लेखकाचे नाव आजचा एक्सप्लोररही बिनचूक दाखवतो.

या कीवर नावांचे दोन थर चढवलेले आहेत. पहिला थर अधिकृत नावाचा, ज्याला कॅनॉनिकल नेम म्हणतात, 'सिस्टिम.ऑथर', 'सिस्टिम.साइझ', 'सिस्टिम.डेटमॉडिफाइड' अशी ही नावे इंग्रजी शब्दांची असली तरी ती कोणत्याही भाषेची नाहीत, कारण संगणक जपानी असो वा मराठी, ती बदलत नाहीत. दुसरा थर प्रदर्शित नावाचा, म्हणजे डिस्प्ले नेमचा, आणि तो मात्र पूर्णपणे माणसासाठी आहे. की आणि अधिकृत नाव यंत्रासाठी, प्रदर्शित नाव माणसासाठी, ही विभागणी एकदा मनात पक्की बसली की पुढील बहुतेक निर्णय सोपे होतात. ती न पाळल्याने काय होते ते पुढे सांगतो.

प्रदर्शित नाव मिळवण्याचा मार्ग सरळ आहे. 'पीएसगेटप्रॉपर्टीडिस्क्रिप्शनबायनेम' या फंक्शनला अधिकृत नाव द्यावे, किंवा की हाताशी असेल तर 'पीएसगेटप्रॉपर्टीडिस्क्रिप्शन' वापरावे. दोन्हींतून 'आयप्रॉपर्टीडिस्क्रिप्शन' हा इंटरफेस मिळतो, आणि त्यावरील 'गेटडिस्प्लेनेम' ही मेथड माणसाला दाखवण्याचे नाव देते. ती स्ट्रिंग कॉमच्या, म्हणजे विंडोजच्या घटक-व्यवस्थेच्या, मेमरीत दिलेली असते, त्यामुळे काम झाल्यावर 'कोटास्कमेमफ्री'ने ती मोकळी करण्याची जबाबदारी आपली. सर्वच गुणधर्म हवे असतील तर 'पीएसएन्युमरेटप्रॉपर्टीडिस्क्रिप्शन्स' संपूर्ण यादी देते, परंतु त्या यादीतील प्रत्येकाला प्रदर्शित नाव असतेच असे नाही. काही गुणधर्म केवळ अंतर्गत वापरासाठी असतात आणि त्यांच्याबाबत 'गेटडिस्प्लेनेम' अपयशाचा संकेत परत करते. तो संकेत आला म्हणजे प्रोग्रॅम चुकला असे समजून काम थांबवू नये. असा गुणधर्म वापरणाऱ्यासमोर मांडण्याचे कारणच नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

नावाव्यतिरिक्तही बरेच काही येथे स्थानिक भाषेत मिळते, आणि त्याकडे दुर्लक्ष होते याचे मला वाईट वाटते. रिकाम्या जागी दिसणारे 'लेखक जोडा' अशा धाटणीचे आमंत्रण 'गेटएडिटइन्व्हिटेशन' देते. चढत्या-उतरत्या क्रमाचे वर्णन 'गेटसॉर्टडिस्क्रिप्शनलेबल' देते. छायाचित्राच्या दिशेसारखे जे गुणधर्म फायलीत केवळ आकड्याच्या रूपात साठवलेले असतात, त्यांच्या प्रत्येक मूल्याचे वाचनीय रूप 'आयप्रॉपर्टीएनमटाइप'मधून मिळते. ही मूल्ये आपण स्वतः भाषांतरित करत बसण्यापेक्षा प्रणालीकडून घेतली, तर वापरणाऱ्याला एक्सप्लोररमध्ये आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये एकच भाषा दिसते.

आता मुख्य अडचण. 'गेटडिस्प्लेनेम'ला भाषा सांगण्याची सोयच नाही. तिला देण्याच्या पॅरामीटरांत, म्हणजे सोबत पुरवायच्या माहितीत, भाषा नाही. ती ज्या थ्रेडवरून, म्हणजे प्रोग्रॅममधील कामाच्या ज्या स्वतंत्र धाग्यावरून, बोलावली जाते त्या थ्रेडची पसंतीची भाषा ती मानते. म्हणून फ्रेंच नाव हवे असेल तर आधी थ्रेडलाच फ्रेंच करावे लागते, आणि त्यासाठी व्हिस्टापासून 'सेटथ्रेडप्रिफर्डयूआयलँग्वेजेस' हे फंक्शन आहे. त्याला भाषांच्या नावांची यादी द्यायची असते, प्रत्येक नावानंतर एक शून्य-अक्षर (नल) आणि यादीच्या शेवटी आणखी एक शून्य-अक्षर. जास्तीत जास्त ५ भाषा देता येतात आणि पहिलीत मजकूर न सापडल्यास प्रणाली दुसरीकडे वळते. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग मंचावर काम करणाऱ्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी, कारण 'करंटयूआयकल्चर' बदलल्याने केवळ डॉटनेटच्या स्वतःच्या संसाधनांची भाषा बदलते, विंडोजच्या थ्रेडची नाही. तेथेही मूळ विंडोज फंक्शनच बोलवावे लागते. तसेच 'सेटथ्रेडलोकेल' हे नावावरून जवळचे वाटले तरी त्याचा संबंध तारखा आणि आकडे कसे लिहावेत याच्याशी आहे, मजकुराच्या भाषेशी नाही. या दोन गोष्टी विंडोजमध्ये वेगळ्या ठेवल्या आहेत आणि तसे ठेवणे योग्यच आहे, कारण महाराष्ट्रातील कितीतरी संगणकांवर पडद्याची भाषा इंग्रजी आणि तारखांची मांडणी भारतीय असते.

थ्रेडची भाषा बदलून नाव घेण्याची पद्धत छोट्या साधनासाठी ठीक आहे, पण सर्व्हरवर ती जपून वापरावी. तेथे थ्रेड एका साठ्यातून येतात आणि काम झाले की परत त्याच साठ्यात जातात. भाषा पूर्ववत न करता थ्रेड परत केला तर पुढच्या, पूर्णपणे वेगळ्या विनंतीला कोठून तरी फ्रेंच मजकूर चिकटतो, आणि असा दोष चाचणीत क्वचितच सापडतो, कारण तो कोणत्या विनंतीला कोणता थ्रेड मिळाला यावर अवलंबून असतो. म्हणून जुनी यादी 'गेटथ्रेडप्रिफर्डयूआयलँग्वेजेस'ने आधी जपून ठेवावी आणि अपवाद आला तरी ती परत लागू होईल अशी रचना करावी. माझी स्वतःची पसंती याहून साधी आहे : नावे गोळा करण्याचे काम मुख्य सेवेत करूच नये. त्यासाठी एक स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम लिहावा, त्याला भाषा बाहेरून सांगावी, त्याने सर्व नावे एका तक्त्यात लिहून द्यावीत आणि संपून जावे. प्रत्येक भाषेसाठी नवी प्रोसेस सुरू झाल्याने आधीच्या भाषेचा अंश मागे राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

याहून मोठी मर्यादा अशी की, जी भाषा त्या संगणकावर बसवलेलीच नाही तिच्यातील नावे कितीही मागितली तरी मिळणार नाहीत. गुणधर्म-व्यवस्थेचा कोड 'प्रॉपसिस' नावाच्या डीएलएलमध्ये, म्हणजे सामायिक कोडच्या फायलीत, असतो, आणि तिचा भाषिक मजकूर सिस्टिम फोल्डरातील त्या त्या भाषेच्या उपफोल्डरात, एमयूआय या विस्ताराच्या सोबतीच्या फायलीत ठेवलेला असतो. भाषेचा संच बसवला नसेल तर ती फाइल नसते, आणि फाइल नसेल तर विंडोज तक्रार करत नाही. ते गुपचूप पुढच्या भाषेकडे, बहुधा इंग्रजीकडे, वळते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे वर्तन चांगलेच आहे, कारण रिकाम्या शीर्षकापेक्षा इंग्रजी शीर्षक बरे. परंतु नावे गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने ते घातक आहे, कारण जर्मनच्या रकान्यात इंग्रजी नावे भरली जातात आणि कोणालाही कळत नाही. म्हणून मागण्यापूर्वी 'एन्यूमयूआयलँग्वेजेस'ने कोणत्या भाषा उपलब्ध आहेत ते पाहावे, आणि 'गेटयूआयलँग्वेजइन्फो'ला विचारावे की ही भाषा पूर्ण आहे, अंशतः आहे की केवळ वरवरचा थर आहे, आणि तिच्या मागे आधारासाठी कोणती भाषा उभी आहे.

हा शेवटचा प्रश्न मराठीसाठी फार महत्त्वाचा आहे. विंडोजमध्ये मराठीचे नाव एमआर-आयएन आणि तिचा भाषाक्रमांक षोडशमान पद्धतीत ०४४ई आहे. पण मराठी बराच काळ लँग्वेज इंटरफेस पॅकच्या, म्हणजे एलआयपीच्या रूपात दिली गेली. एलआयपी ही स्वतंत्र भाषा नसून एखाद्या पूर्ण भाषेवर पांघरलेला थर असते. जेवढे भाषांतरित झाले तेवढे मराठीत दिसते आणि उरलेले खालच्या भाषेत. विंडोज १० पासून हे थर स्टोअरमधून 'लोकल एक्स्पीरियन्स पॅक' म्हणून मिळू लागले, त्यामुळे ते बसवणे पुष्कळ सोपे झाले, पण अंशतः भाषांतराचा मूळ स्वभाव तोच राहिला. म्हणजे मराठीसाठी मागवलेल्या यादीत काही नावे मराठी आणि काही इंग्रजी येणार हे गृहीत धरूनच रचना करावी लागते. दोन्ही भाषांच्या याद्या काढून त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, आणि ज्या ठिकाणी मराठी रकान्यात तंतोतंत इंग्रजी नाव आले आहे तेथे मजकूर उपलब्ध नाही अशी खूण करावी. देवनागरी लिपीतील अक्षरे आहेत की नाहीत हे तपासणेही मराठीपुरते उत्तम चालते. जर्मन किंवा फ्रेंचला ही सोय नाही, कारण तेथे लिपी इंग्रजीचीच आहे आणि काही नावे खरोखरच सारखी असू शकतात.

रिकाम्या जागा आपण स्वतः भरायच्या का? माझे उत्तर स्पष्टपणे 'हो' असे आहे. ज्या कार्यालयात मराठी अहवाल निघतो तेथे निम्मी शीर्षके इंग्रजीत सोडणे म्हणजे त्या अहवालाच्या वाचकाला दुय्यम मानणे होय. मात्र प्रणालीने जे नाव आधीच मराठीत दिले आहे ते, आपल्याला त्याहून चांगले सुचले तरी, शक्यतो तसेच ठेवावे. वापरणारा एका खिडकीत एक नाव आणि दुसऱ्या खिडकीत दुसरे नाव पाहतो तेव्हा त्याला ते दोन वेगळे गुणधर्म वाटतात, आणि त्या गोंधळाची किंमत चांगल्या प्रतिशब्दाच्या समाधानापेक्षा जास्त आहे.

आता उलट बाजू. स्थानिक नावे मिळवणे जितके आवश्यक, तितकेच त्यांवर प्रोग्रॅमचे तर्क न उभारणे आवश्यक आहे. विंडोज शेलच्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांमध्ये 'गेटडीटेल्सऑफ' ही मेथड फार लोकप्रिय आहे. तिला स्तंभाचा क्रमांक दिला की मूल्य मिळते, आणि फाइलऐवजी काहीच दिले नाही तर त्या स्तंभाचे शीर्षक मिळते. विंडोज एक्सपीमध्ये लेखकाचा क्रमांक ९ होता. विंडोज ७ मध्ये तो २० झाला. क्रमांक बदलतात हे लक्षात आल्यावर अनेक जण शीर्षके वाचून 'ऑथर्स' असे लिहिलेला स्तंभ शोधतात, आणि तो उपाय इंग्रजी संगणकाबाहेर पडताच कोसळतो. खरा उपाय शेलमध्ये आधीपासून उपलब्ध आहे : फाइलच्या वस्तूवरील 'एक्स्टेंडेडप्रॉपर्टी' या मेथडला 'सिस्टिम.ऑथर' असे अधिकृत नाव द्यावे. तिच्यातून मूल्य मूळ प्रकारात, म्हणजे तारीख तारखेच्या आणि आकडा आकड्याच्या रूपात मिळतो, हा आणखी एक लाभ. 'गेटडीटेल्सऑफ'मधून आलेल्या छायाचित्राच्या तारखेत लेखनाची दिशा दाखवणारी अदृश्य युनिकोड चिन्हे मिसळलेली असतात. पडद्यावर ती दिसत नाहीत, पण तारखेचे विश्लेषण करणारे फंक्शन त्यांना अडखळते आणि लिहिणारा चक्रावून जातो. दाखवण्यासाठी तयार केलेला मजकूर परत वाचण्याचा प्रयत्न केला की असेच होणार.

ही चूक केवळ फायलींच्या गुणधर्मांपुरती नाही. विंडोजच्या कार्यक्षमता मोजणाऱ्या काउंटरांची नावेही स्थानिक असतात. इंग्रजीतील प्रोसेसर टाइमचा मार्ग जर्मन संगणकावर वेगळ्या शब्दांत असतो, म्हणून इंग्रजी नाव लिहून ठेवलेली देखरेखीची स्क्रिप्ट तेथे काउंटर सापडत नाही असे सांगते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, पर्फलिब या नोंदीखाली ००९ या उपनोंदीमध्ये इंग्रजी नावे आणि त्यांचे क्रमांक नेहमी ठेवलेले असतात, त्यांत प्रोसेसरचा क्रमांक २३८ आणि प्रोसेसर टाइमचा ६ आहे. त्या क्रमांकावरून 'पीडीएचलूकअपपर्फनेमबायइंडेक्स' स्थानिक नाव देते. व्हिस्टापासून 'पीडीएचअ‍ॅडइंग्लिशकाउंटर' आले आणि इंग्रजी नाव कोणत्याही भाषेच्या संगणकावर थेट चालू लागले, म्हणून नव्या कोडमध्ये हाच मार्ग घ्यावा.

वापरकर्त्यांच्या गटांच्या नावांचेही तेच. प्रशासकांचा अंगभूत गट जर्मनमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्राटोरेन' आणि फ्रेंचमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रातर' या नावाने दिसतो, पण त्याचा सुरक्षा-क्रमांक सर्वत्र एस-१-५-३२-५४४ हाच असतो. 'सर्वजण' या अर्थाच्या गटाचा एस-१-१-०. इन्स्टॉलरमध्ये गटाचे इंग्रजी नाव लिहून परवानग्या देणारा प्रोग्रॅम अर्ध्या युरोपात मोडतो, आणि क्रमांक वापरणारा कोठेही मोडत नाही. फोल्डरांच्या बाबतीत तर मायक्रोसॉफ्टनेच मार्ग बदलला : जर्मन एक्सपीवर प्रोग्रॅम्सच्या फोल्डरचे डिस्कवरील खरे नावच 'प्रोग्रामं' होते; व्हिस्टापासून डिस्कवरील नाव सर्व भाषांत इंग्रजीच राहिले आणि एक्सप्लोरर केवळ दाखवताना 'डेस्कटॉप.आयएनआय'मधील संदर्भावरून स्थानिक नाव लावू लागला. ओळख स्थिर ठेवून नाव बदलते ठेवणे हेच तत्त्व येथेही आले. ऑफिसमध्येही ते दिसते : एक्सेलमधील 'फॉर्म्युला' हा गुणधर्म सूत्र इंग्रजी रूपात देतो आणि 'फॉर्म्युलालोकल' वापरणाऱ्याच्या भाषेत, ज्यात जर्मन संगणकावर 'सम'चे 'झुमं' झालेले असते.

शोधाच्या बाबतीत मात्र वापरणाऱ्याला आपल्या भाषेत लिहू देणे भागच आहे, कारण शोधपेटीत तोच टंकित करतो. एक्सप्लोररची शोधभाषा स्थानिक कळशब्द स्वीकारते, आणि तिचे विश्लेषण करणारा 'आयक्वेरीपार्सर' तयार करताना कळशब्दांची भाषा कोणती हे पॅरामीटर म्हणून सांगता येते, ही सोय 'गेटडिस्प्लेनेम'मध्येही असती तर किती बरे झाले असते! प्रोग्रॅमने स्वतः रचलेल्या शोधासाठी विंडोज ७ पासून अधिकृत नावांवर आधारलेले, भाषेपासून स्वतंत्र असे रूप उपलब्ध आहे. साठवून ठेवायचा किंवा दुसऱ्याला पाठवायचा शोध त्याच रूपात ठेवावा.

भाषा पॅरामीटर म्हणून घेण्याची ही रचना मला सर्वांत योग्य वाटते, आणि युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहावर आधारलेली साधने नेमकी तशीच आहेत. जावामध्ये 'गेटडिस्प्लेलँग्वेज'ला मराठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची खूण, दिले की जर्मन भाषेचे नाव मराठीत मिळते. जावास्क्रिप्टमध्ये २०२१ च्या मानकापासून 'इंटल.डिस्प्लेनेम्स' आहे, ज्याला मराठी सांगून देशांची, भाषांची आणि चलनांची नावे मागता येतात. ना थ्रेड बदलावा लागतो, ना ती भाषा संगणकावर बसवलेली असावी लागते, कारण माहिती ग्रंथालयाबरोबरच येते. फक्त ब्राउझर वगळता इतर ठिकाणी ती माहिती पूर्ण समाविष्ट केली आहे ना, हे पाहावे. मात्र या संग्रहात फायलींच्या गुणधर्मांची नावे नाहीत, त्यामुळे आपला मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. मॅकवर 'एमडीस्कीमाकॉपीडिस्प्लेनेमफॉरअ‍ॅट्रिब्यूट' हे फंक्शन स्पॉटलाइटच्या गुणधर्माचे स्थानिक नाव देते, आणि तेथेही भाषेचा पॅरामीटर नाही. लिनक्सवरील डेस्कटॉप फायलींत सर्व भाषांतील नावे एकाच फायलीत शेजारी शेजारी लिहिलेली असतात, म्हणून तेथे हवी ती भाषा थेट वाचता येते.

मिळालेली नावे वाक्यात गुंफताना मराठीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. इंग्रजीत 'सॉर्ट बाय' या शब्दांपुढे कोणतेही नाव चिकटवता येते. मराठीत विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागले की नामाचे सामान्यरूप होते, आणि 'आकार'पुढे 'नुसार' आंधळेपणाने जोडले तर 'आकारनुसार' असे अशुद्ध रूप तयार होते. प्रत्येक नामाचे सामान्यरूप साठवत बसण्यापेक्षा 'क्रम : आकार' अशी अपूर्णविरामाने तोडलेली मांडणी करावी. नावांची यादी वर्णानुक्रमे दाखवायची असेल तर तुलना 'कंपेअरस्ट्रिंगएक्स'ला मराठी लोकेल देऊन करावी. नुसत्या युनिकोड क्रमांकांनी लावलेला क्रम मराठी वाचकाला खटकतो.

मी सध्या वापरतो तो तक्ता असा आहे : पहिल्या रकान्यात अधिकृत नाव, दुसऱ्यात की, त्यापुढे प्रत्येक भाषेसाठी एक रकाना, आणि प्रत्येक नावाशेजारी ते प्रणालीकडून आले की आपण भरले याची खूण. सर्वात शेवटी ज्या विंडोज आवृत्तीवरून नावे गोळा केली तिचा क्रमांक असतो, कारण नव्या आवृत्तीबरोबर भाषांतरे सुधारतात आणि आपण भरलेल्या काही जागा प्रणालीने स्वतः भरलेल्या आढळतात. तेव्हा आपले नाव काढून तिचे घ्यायचे, आणि डेटाबेसमध्ये केवळ अधिकृत नाव साठवलेले असल्याने जुन्या नोंदींना त्यासाठी हात लावावा लागत नाही.